कोरफडीचं पिल्लू

माणसाची खरी ओळख त्याच्या पदवीवरून, पगारावरून किंवा चारित्र्यावरून होत नाही; त्याच्या हातून काय उगवतं यावरून होते, असं माझं ठाम आणि पूर्ण विचारांती बनलेलं मत आहे. हे मत माझ्याजवळ गेली दोन-अडीच वर्षं आहे. त्यापूर्वी माझं मत बरोबर याच्या उलट होतं, आणि तेही ठाम आणि पूर्ण विचारांतीच बनलेलं होतं.

मत बदललं ते ठाण्याला, आमचे साडू गुरुदत्तराव यांच्या अंगणात, श्रीखंडाच्या जेवणानंतर. गुरुदत्तराव कोर्टात वकिली करतात आणि घरी गुलाब वाढवतात. पोटात श्रीखंड गेलेल्या माणसाची झोपायची इच्छा असते, हे सर्व सुधारलेल्या समाजांत मान्य झालेलं आहे. पण गुरुदत्तराव पाहुण्याला हात धुवायला म्हणून मागच्या दारी नेतात आणि तिथून थेट गुलाबांपुढे उभं करतात. प्रत्येक गुलाबाला विलायती नाव आहे. ते नाव सांगून झालं की आपण "वा" म्हणायचं आणि पुढच्याकडे सरकायचं. त्या दिवशी "वा" म्हणून म्हणून तोंड दुखलं, म्हणून मी नुसतं कौतुकाने एका कळीला बोट लावलं. कळी गळून खाली पडली.

"अहो मधुकरराव, हात मागे घ्या!" गुरुदत्तराव ओरडले. "तुमच्या हाताला गुण नाही हो. तुम्ही पाणी घातलंत तर आमच्या कुंपणाची मेंदीसुद्धा वाळायची!"

त्यांच्या सौभाग्यवती प्रमोदिनीताई हसल्या. माळी हसला. शेजारच्या गच्चीत पापड वाळत घालणारी एक बाई, जिचा माझा काही परिचय नव्हता, तीही हसली. हे सगळं मी सोसलं. पण माझी पत्नी सुमती, जिच्या बाजूने मी आजवर कितीतरी भांडणांत गप्प बसलो आहे, तीही हसली. नुसती हसली नाही, तर पुरावा जोडला: "म्हणून तर आमच्या तुळशीला मी यांना हात लावू देत नाही."

परतीच्या वाटेवर मी एक शब्द बोललो नाही. ते सुमतीच्या लक्षात आलं नाही, कारण मी एरवीही फारसा बोलत नाही. मौनव्रताची ही एक मोठीच अडचण आहे.

त्याच सुमारास आमच्या कचेरीतला साहेब कायमचा विलायतेला निघाला. कंपनी विलायती होती आणि स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षं आपण इथे कशासाठी थांबलो आहोत हे आठवण्याचा तिने प्रामाणिक प्रयत्न केला होता. साहेबाच्या सामानाची कचेरीतच विक्री झाली. टेबलपंखा हेडक्लार्कने घेतला. टोप्या अडकवायचा स्टँड कॅशिअरने घेतला. त्याच्याकडे टोपी एकच आहे आणि ती तो काढत नाही. शेवटी खिडकीत एक कुंडी तेवढी उरली. तीत कोरफडीच्या जातीचं, पण आपल्या कोरफडीशी बोलणार नाही अशा तोऱ्याचं एक झाड होतं. वीतभर उंची, जाड तिकोनी पानं एकावर एक रचलेली, आणि गर्द हिरव्या अंगावर पांढरे आडवे पट्टे. वाघाने शाकाहार पत्करला असता तर तो असा दिसला असता.

साहेब म्हणाला, ही आफ्रिकेची. या देशात फारशी कोणाकडे नाही. हिच्या बुंध्याशी पिल्लं येतात, ती वेगळी करून लावायची. मी निगेबद्दल विचारलं. साहेबाने जरा विचार केला आणि सांगितलं, "हिला एकटी सोडा. बाकी काही लागत नाही."

साहेबाची सगळी नोकरी या देशात गेली होती, पण तो डोंबिवलीला कधी आला नव्हता. डोंबिवलीत कोणाला एकटं सोडत नाहीत.

कुंडी पंच्यात गुंडाळून मी जिना चढलो तेव्हा आमचे शेजारी त्र्यंबकराव गॅलरीत उभे होते. त्र्यंबकराव हे निवृत्त ड्रॉइंग मास्तर. आमच्या दोघांच्या खोल्यांपुढे एकच लांब गॅलरी आहे आणि तिच्यात जे जे येतं ते ते आपल्या नजरेखालून गेलं पाहिजे असा त्यांचा दंडक आहे.

"काय आणलंत?"

"कोरफड."

"कोरफड? ती तर बायजा फुकट आणून देते." बायजा आमच्याकडे आणि त्यांच्याकडे भांडी घासते.

"ही आफ्रिकेची आहे."

"का? तिकडे कोणाला खोकला होत नाही?"

एवढ्यात त्यांच्या पत्नी गोदाकाकू बाहेर आल्या. त्यांनी पंचा उचलून पाहिलं आणि क्षणात निकाल दिला. "उलटी टांगा दाराला. घराला दृष्ट लागत नाही."

"काकू, ही टांगायची नाही. ही शोभेची आहे. उलट हिलाच कोणाची दृष्ट लागायची."

"मग हिच्यावर दुसरी टांगा," गोदाकाकू म्हणाल्या.

मला वाटलं हा विनोद आहे. पण गोदाकाकू विनोद करत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या आफ्रिकन कोरफडीच्या बरोबर वर, गॅलरीच्या वाशाला, बायजाने आणलेली एक साधी गावठी कोरफड सुतळीने उलटी टांगलेली होती. मातीविना, पाण्याविना, पाय वर आणि डोकं खाली करून ती पठ्ठी झकास वाढू लागली. खाली माझी मात्र खास रेतीत, खास कुंडीत, खास उन्हात ढिम्म बसून राही. येणारा प्रत्येक जण आधी वर बघे, मग खाली बघे, आणि मग माझ्याकडे बघे.

त्यानंतर सुरू झालं पाणी. आपल्याकडे झाडाला पाणी घालणं हे इतकं उघड पुण्यकर्म आहे की कोणी परवानगी विचारत नाही. गोदाकाकू तुळशीला पाणी घालून तांब्यात उरलेलं हिच्यावर ओतत. त्र्यंबकराव चूळ भरून झाल्यावर भांड्यातलं उरलेलं ओतत. बायजा ताकाचं भांडं विसळून ओते, आणि वर "थंड असतंय" असंही सांगे. मी एकेकाला समजावलं की ही वाळवंटातली आहे, हिला पाणी सोसत नाही. गोदाकाकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं बाई, वाळवंटातली! म्हणजे बिचारीला जन्मात प्यायला मिळालं नाही!" त्या दिवसापासून त्या तिला सकाळसंध्याकाळ घालू लागल्या.

शेवटी मी पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात "कृपया पाणी घालू नये" असं लिहून कुंडीत खोचलं. संध्याकाळी त्र्यंबकराव पुठ्ठा हातात घेऊन दारात.

"हे कोणाला उद्देशून आहे?"

"सर्वांना."

"या गॅलरीत सर्व म्हणजे कोण? तुम्ही आणि आम्ही. तुम्ही स्वतःला 'कृपया' म्हणणार नाही. मग उरलं कोण?"

त्र्यंबकराव आठवडाभर आमच्याकडे वर्तमानपत्र मागायला आले नाहीत, आणि त्या आठवड्यात कोरफडीची प्रकृती एकदम सुधारली.

आता माझ्याबद्दल. साहेबाचा सल्ला मला सर्वांत जास्त पटला होता आणि तो सर्वांत कमी पाळला मीच. मी पाणी घालत नसे, पण बघत असे. सकाळी उठून बघे, दाढी करताना अर्धा गाल साबणाचा घेऊन बघे, जेवताना पानावरून उठून बघे. कचेरीत बसून काही बघता येत नाही म्हणून माझे पाय टेबलाखाली आपोआप हलत, आणि हेडक्लार्कने मला जंतांचं औषध सुचवलं. कुंडी उन्हात सरकवावी, मग ऊन फार म्हणून सावलीत आणावी, मग पुन्हा पानाचा रंग फिका वाटला म्हणून उन्हात. वाचनालयातून मी झाडांच्या निगेवरचं एक इंग्रजी पुस्तक आणलं. त्यात लिहिलं होतं की पिल्लं येण्यासाठी धीर धरावा. धीर कसा धरावा हे लिहिलेलं नव्हतं.

आणि एका रविवारी बुंध्याशी माती किंचित फुगलेली दिसली. मग हिरवं टोक. चार दिवसांनी दुसरीकडे आणखी एक टोक. मी ओरडलो, "सुमती! दोन आहेत! दोन!"

सुमती पदराला हात पुसत बाहेर आली. तिने पाहिलं, आणि अगदी शांतपणे म्हणाली, "चित्राच्या वेळी मी ठाण्याला दवाखान्यात होते, तेव्हा एकदा आलेलात बघायला. तेही चष्मा विसरून."

चित्रा आमची मुलगी. चष्म्याची गोष्ट खरी आहे. पण शास्त्रीय कार्यात असले वैयक्तिक मुद्दे आणू नयेत.

पिल्लं अंगठ्याएवढी झाल्यावर ती वेगळी करायची, असं पुस्तकात होतं. मी मुहूर्त म्हणून पुढचा रविवार धरला. शनिवारी संध्याकाळी घरी येऊन बघतो तो एक पिल्लू गायब. तिथे एक नीट, स्वच्छ खड्डा. चोरी अशी सफाईदार होती की मला गोदाकाकूंचा स्वयंपाक आठवला.

"काकू," मी शक्य तितक्या सौम्यपणे म्हणालो, "माझ्या कुंडीतलं पिल्लू..."

"हो, मीच नेलं," गोदाकाकू म्हणाल्या. चेहऱ्यावर सुरकुती नाही.

"न विचारता?"

"अहो, विचारून नेलेलं झाड लागतं का कधी? चोरलेलंच लागतं. आमच्या माहेरचा मोगरा चोरलेला, कढीलिंब चोरलेला, गुलबक्षी तर दोन देवळांतून चोरलेली. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता, आणि मग सगळंच मुसळ केरात!"

"मी हो म्हणालो नसतो."

"बघा! मग तर चोरायलाच हवं होतं."

मी परत मागितलं. त्यावर काकू घाईघाईने म्हणाल्या, "ते कुजलं. टाकलं मी. तुम्ही सारखे येऊन बघता ना, मालकाने पाहिलं की गुण जातो." एका दिवसात कसं कुजलं हे मी विचारणार होतो, पण त्यांच्या चुलीवर दूध उतू जात होतं. निदान तसं त्या म्हणाल्या.

राहिलं एक. ते मी रविवारी स्वतःच्या हाताने कापलं, पुस्तकाप्रमाणे दोन दिवस सावलीत सुकवलं, विटेचा चुरा आणि रेती चाळून घेतली, आणि वेगळ्या कुंडीत लावलं. सुमतीला बजावलं, "हात लावू नकोस. हे संपूर्णपणे मी केलेलं आहे."

"मी कशाला लावू?" सुमती म्हणाली.

गणपतीला प्रमोदिनीताई आणि गुरुदत्तराव आमच्याकडे जेवायला आले. गुरुदत्तरावांनी गॅलरीत आधी वर बघितलं, मग खाली बघितलं. मग म्हणाले, "टांगलेली छान आहे."

मी म्हणालो, "ठाण्याच्या प्रदर्शनात ठेवणार आहे मी. खालची. तिच्या पिल्लासकट." वास्तविक असं काही माझ्या मनात नव्हतं. ते तोंडात कुठून आलं मला ठाऊक नाही. दर हिवाळ्यात ठाण्याला उद्यानप्रेमी मंडळाचं प्रदर्शन भरतं आणि गुरुदत्तराव तिथून दरवर्षी गुलाबाचं बक्षीस आणतात.

"प्रदर्शनात? तुम्ही?" गुरुदत्तराव पुरणपोळीसारखे फुगले. "अहो, तोवर ते पिल्लू जगायला नको?"

मी सुमतीकडे पाहिलं. ती हसली नाही. पण ती वाढत होती, आणि वाढताना ती कधीच हसत नाही, त्यामुळे निर्णय राखून ठेवावा लागला.

मंडळाची कचेरी म्हणजे ठाण्याच्या एका शाळेतला एक वर्ग होता. चिटणीस लहान मुलांच्या बाकावर बसले होते आणि त्यांचे गुडघे जवळजवळ कानाला लागत होते. अशा अवस्थेत माणूस दयाळू राहणं कठीणच.

"वर्ग?"

"शोभेची झाडं. दुर्मिळ."

"नाव?"

"कोरफड. म्हणजे आफ्रिकेतली..."

त्यांनी टाक खाली ठेवला. "कोरफड औषधीत."

"ही शोभेची आहे. तुम्ही बघा तरी."

"बघायचं काम परीक्षकांचं. माझं काम वर्ग लावायचं."

"बरं, औषधीत लावा."

"औषधीत लावायची तर रस काढून बाटलीत ठेवावा लागतो. नियम आहे."

मी हादरलो. मग म्हणालो, "तिचं एक लॅटिन नाव आहे. ते लिहू या. कोरफड हा शब्द आपण सोडूनच देऊ."

"आता कसा सोडणार? तुम्ही बोललात. मी ऐकलं." त्यांनी माझ्याकडे कीव करून पाहिलं. "एक करा. ही वनस्पती औषधी नाही असं एखाद्या वैद्याचं पत्र आणा. मग शोभेत घेतो."

कल्याणला पारनाक्याच्या बाजूला महिपतराव वैद्य राहतात. त्यांचा पत्ता लोक सांगत नाहीत; "खोकला ऐकू येईल तिथे वळा" म्हणतात. वैद्यबुवा गादीवर लोडाला टेकून खोकत बसले होते. समोर बसलेले रोगीही खोकत होते, पण त्यांच्या खोकल्यात वैद्यांच्या खोकल्याचा आब नव्हता. मी काम सांगितलं.

"औषधी नाही असं लिहून देऊ?" वैद्यबुवा कडाडले, मग खोकले, मग पुन्हा कडाडले. "मी वैद्य आहे की वकील? ज्याचं औषध होत नाही असं झाड अजून मी पाहिलेलं नाही. अहो, माझ्या मागच्या दारचं गवतसुद्धा कामाला येतं!"

"पण ही निव्वळ शोभेची..."

"घेऊन पाहिल्याशिवाय मी लिहिणार नाही. पान आणा. मला हा खोकला आहेच. उतरला तर औषधी. नाही उतरला तर लिहून देतो."

पान आणा! त्या झाडाला पानं मोजकी, एकमेकांवर बेतून बसवलेली. एक काढलं की पागोळीचं कौल निसटल्यासारखी खाच दिसते. पण दुसरा मार्ग नव्हता. पहिलं पान मी डोळे मिटून कापलं. वैद्यबुवांनी ते भाजून, रस काढून, मधातून घेतलं आणि मला चार दिवसांनी बोलावलं.

मी आयुष्यात कोणाचं वाईट चिंतलेलं नाही. म्हणजे गुरुदत्तराव सोडून. पण ते चार दिवस मी देवापुढे उभा राहून एका सज्जन, वयोवृद्ध माणसाचा खोकला टिकावा अशी प्रार्थना केली. कल्याणला उतरलो की कान टवकारून चाले. खोकला लांबून ऐकू आला की जीव भांड्यात पडे.

"कसा आहे खोकला?"

"आहे तसाच."

"वा!" मी म्हणालो. "म्हणजे... अरेरे."

"पण मधात घेतलं ना, मधाने गुण बांधला गेला असेल," वैद्यबुवा म्हणाले. "आता हळद-मिठातून घेऊन बघतो. पान आणलंत?"

हळद-मिठाच्या वेळी तर त्यांना एक दिवस जरा हलकं वाटलं. ती बातमी ऐकून मी समोरच्या बाकावर मटकन बसलो, आणि एका रोग्याने मला पाणी दिलं. सुदैवाने त्याच रात्री त्यांनी भजी खाल्ली आणि खोकला पूर्वपदावर आला. अशी पानामागून पानं चालली. माझी वाघीण एका बाजूने सोललेल्या कणसासारखी दिसू लागली.

याच धावपळीत घरी पिल्लाची प्रकृती बिघडली. त्याने मान टाकली, बुंधा बोटाला मऊ लागू लागला. पुस्तकात उपाय नव्हता. मी स्वतःच्या बुद्धीने चुलीतली राख चाळून त्याच्याभोवती घातली, थोडी वर घातली, कुंडीचं तोंड पूर्वेला केलं, आणि अत्यंत अस्वस्थ मनाने आणखी एक पान घेऊन कल्याणला गेलो. सबंध वाटेत मला ते मऊ लागलेलं बोटाला जाणवत होतं. प्रदर्शनात एकटी सोललेली आई ठेवायची म्हणजे गुरुदत्तरावांना जन्मभराची मेजवानी. आणि सुमती? तिने या वेळी वाढायचं थांबवून हसायला सुरुवात केली असती.

वैद्यबुवा त्या दिवशी संतापलेले होते. शेवटच्या काढ्याने खोकला तर गेला नव्हताच, वर पोट बिघडलं होतं. मी काही विचारायच्या आत त्यांनी कागद ओढला आणि लिहून दिलं: "सदरहू वनस्पतीत औषधी गुण नाही. ती निव्वळ शोभेची आहे. तीही फारशी नाही."

शेवटचं वाक्य खोडायची विनंती मी केली. त्यांनी ते अधोरेखित करण्याची तयारी दाखवली. मी कागद घेऊन निघालो.

घरी येतो तो काय! पिल्लू ताठ उभं. मान वर, बुंधा टणक, पट्टे असे स्वच्छ की जणू नुकतेच काढलेत. अंगानेही ते भरलं होतं. दोन पानं जास्त वाटली.

"सुमती! राख लागू पडली!"

"हो का?" सुमती आतून म्हणाली. ती तांदूळ निवडत होती.

"एका दिवसात! पुस्तकात हे नाही. हे माझं स्वतःचं आहे."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि एक खडा काढून बाहेर टाकला.

प्रदर्शनाचा मांडव गावाबाहेर, बाळकुमच्या पंढरी पाटलांच्या जागेत पडला होता. पाटलांच्या घरचे पूर्वी मिठागरांवर राबत. आता त्यांच्या जमिनीवरून रस्ते जातात. जागा त्यांची म्हणून मुख्य परीक्षकही तेच. धोतर, काळा कोट, हातात काठी, आणि प्रत्येक झाडापुढे थांबून ते झाडाच्या मालकाला न्याहाळत. आधी गुलाबांपुढे थांबले. गुरुदत्तरावांनी विलायती नावं सांगायला सुरुवात केली. पाटील म्हणाले, "नावा ऱ्हाऊं द्या, वास हाय का?" आणि पुढे निघाले.

मी आईची सोललेली बाजू कनातीकडे करून ठेवली होती. पाटलांनी काठीच्या टोकाने कुंडी अलगद फिरवली.

"हिला कुनी खाल्ली?"

"वैद्यांनी," मी म्हणालो.

"मंग वैद्याला ठेवाचा व्हता हितं," पाटील म्हणाले. मागे गुरुदत्तराव खो-खो हसले. प्रमोदिनीताईही हसल्या. माझे कान तापले. पाटलांची काठी सरकून पिल्लाच्या कुंडीवर आली. ते वाकले. बराच वेळ पाहिलं.

"न् यो पिलू?"

"तिचंच आहे. कापून लावलेलं."

"कुनी लावला?"

"मी," मी म्हणालो.

पाटील सरळ उभे राहिले आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बेस. हाताला गुन हाय तुमच्या."

बक्षीस मला मिळालं नाही. ते कोणाच्या तरी आमरीला, म्हणजे ऑर्किडला गेलं. पण बक्षिसाचं काय घेऊन बसलात! मी वळून गुरुदत्तरावांकडे पाहिलं. ते एका गुलाबाचं पान पुसत होते, जे स्वच्छ होतं. मग सुमतीकडे पाहिलं. ती हसली नाही. खाली मान घालून पदर सारखा करत होती. मी मनात म्हटलं, भरून आलं बिचारीला.

त्यानंतरचे काही दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे आणि इतरांच्या आयुष्यातले बहुधा सर्वांत त्रासाचे गेले. मी त्र्यंबकरावांना राखेचे गुण सांगितले. कचेरीत हेडक्लार्कला सांगितले. गुरुदत्तरावांना पत्र घालून गुलाबांना राख सुचवली. उत्तर आलं नाही. सुखातही मला एका जागी बसवेना. वाचनालयाच्या चिटणिसांना गाठून मी एक व्याख्यानच ठरवून टाकलं: "शोभेच्या कोरफडीची निगा व वंशवृद्धी." आदल्या संध्याकाळी घरात येरझारा घालत त्याची तालीम करत होतो. राखेपर्यंत आलो तेव्हा सुमती म्हणाली, "व्याख्यानात राखेचं सांगू नका."

"का? तोच तर मुख्य मुद्दा आहे."

"राखेनं ते मेलं."

"कोण?"

"तुमचं पिल्लू. तुम्ही कल्याणला गेलेलात त्या दिवशी मी हात लावला, तर वरचं वर हातात आलं. खाली नुसता चिखल."

मी येरझारा थांबवल्या. "मग कुंडीत आहे ते?"

"गोदाकाकूंचं. कुजलं म्हणून त्यांनी सांगितलं ते खोटं. मोरीमागे डालड्याच्या डब्यात होतं. कोणी बघत नव्हतं तिकडे, चांगलं वाढलेलं. काकू दुपारी झोपल्या तेव्हा आणलं."

"मागून आणलंस?"

सुमतीने माझ्याकडे असं पाहिलं की मी काहीतरी अडाण्यासारखं बोललो आहे. "मागून आणलेलं लागतं का?"

मी खुर्चीत बसलो. माझ्या बायकोने माझ्यासाठी चोरी केली होती. ती साधी लिंबाची फोड शेजाऱ्यांकडून आणली तरी दुसऱ्या दिवशी अख्खं लिंबू परत करणारी बाई आहे. मी कसंबसं विचारलं, "पण का?"

"ताईकडे त्या दिवशी मला हसू आलं," ती म्हणाली. "ते मला नंतर आवडलं नाही."

आता पाटलांचं वाक्य कोणाच्या खात्यावर टाकायचं हा प्रश्न उभा होता. पिल्लू माझ्या झाडाचं, चोरलं काकूंनी, वाढलं आपोआप, पुन्हा चोरलं सुमतीने, आणि "मी" म्हणालो मी. कायदेशीर सल्ला घ्यायला हवा होता, पण ओळखीचा वकील एकच होता.

"पाटलांना हात माझेच वाटले," मी शेवटी म्हणालो.

"तुमचेच होते की. कुंडी तुम्हीच धरली होती," सुमती म्हणाली आणि पानं घ्यायला उठली.

व्याख्यान मी घशाचं निमित्त करून रद्द केलं. चिटणिसांनी कोरफडीचा रस घ्यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कचेरीतून आलो तेव्हा पिल्लाची कुंडी रिकामी होती. मधोमध एक नीट, स्वच्छ खड्डा होता. मी सुमतीकडे पाहिलं, सुमतीने शेजारच्या दाराकडे पाहिलं, आणि आम्ही दोघंही जेवायला बसलो.

गोदाकाकूंच्या मोरीमागे ते आता वीतभर उंच झालं आहे.